कोर्टाने नाही म्हटल्यावर कामाला कुठून लागायचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: १६ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सव्वीस आठवडे उलटून गेलेल्या एका विवाहित बाईला गर्भपाताची परवानगी नाकारली, आणि तेव्हापासून तुमच्या गटात मरगळ आली आहे. गटातल्या दोन वकील मैत्रिणी म्हणतात, आता याचिकांमध्ये काही राम उरला नाही. बाकीच्यांचं म्हणणं, मोर्चा काढू, सह्या गोळा करू, आमदाराला निवेदन देऊ. यातलं काय खरंच उपयोगी पडतं, आणि तालुक्याच्या गावात बसून संसदेच्या कायद्याला हात लावता येतो का, हे तुम्हाला हवंय.

तीस वर्षं मी स्त्रियांच्या आरोग्याच्या कामात आहे. या काळात कोर्टात हरलो त्या केसेस जिंकलेल्यांपेक्षा जास्त आहेत. हरल्यावर काय करायचं याचा अनुभव मात्र त्यामुळेच गाठीशी आला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी तो निकाल गटाने एकत्र बसून वाचा. बातमी नव्हे, निकाल. बाई सत्तावीस वर्षांची, दोन मुलांची आई. धाकटं अंगावर पीत होतं, पाळी सुरू झालेली नव्हती, म्हणून दिवस गेल्याचं उशिरा कळलं. बाळंतपणानंतरच्या मनोविकारावर तिचे उपचार सुरू होते. ९ ऑक्टोबरला न्या. हिमा कोहली आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी एम्सच्या डॉक्टरांचं पत्र आलं, की गर्भ जगू शकेल अशा अवस्थेत आहे, तेव्हा त्याचं हृदय थांबवायचं का. ११ तारखेला त्याच दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी झाली. न्या. नागरत्ना आपल्या मतावर ठाम राहिल्या. प्रकरण सरन्यायाधीश चंद्रचूड, न्या. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्यापुढे गेलं आणि १६ तारखेला नकार आला. कारणं दोनच: चोवीस आठवडे ओलांडलेले आहेत, आणि अशा वेळी १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा ज्या दोन वाटा ठेवतो, म्हणजे गर्भात गंभीर व्यंग किंवा आईच्या जिवाला तातडीचा धोका, त्यातली एकही इथे लागू नाही. अनुच्छेद १४२ खालचे विशेष अधिकार वापरायलाही कोर्टाने नकार दिला.

आता यात काय लिहिलेलं नाही ते बघा. याच कोर्टाचा २९ सप्टेंबर २०२२ चा निकाल यात रद्द झालेला नाही. त्या निकालाने अविवाहित बाईलाही चोवीस आठवड्यांपर्यंतची तीच वाट मोकळी केली, आणि नवऱ्याने केलेली जबरदस्ती या कायद्यापुरती बलात्कारातच धरली. अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना माहिती देताना तिचं नाव उघड करायची गरज नाही, हेही त्यातच आहे. घरच्यांची संमती, कसले कसले दाखले, कोर्टाची ऑर्डर असल्या कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असंही कोर्टाने त्यात बजावलं. हे सगळं जागच्या जागी आहे. कोर्ट अडलं ते ‘चोवीस’ या आकड्यावर, आणि तो आकडा संसदेने लिहिलेला आहे. निकालाने तुम्हाला बोट ठेवून दाखवलंय, की बदल कुठल्या कलमात हवा: चोवीसनंतर फक्त व्यंगासाठी दार उघडणारं ३(२बी), आणि आईच्या जिवाच्या ‘तातडीच्या’ धोक्यापुरतं अडून राहिलेलं कलम ५.

हे सगळं वाचायला सांगते त्याला कारण आहे. त्या निकालानंतर महिनाभरात एका सरकारी दवाखान्यात अकरा आठवड्यांच्या बाईला सिस्टरनी परत पाठवलं. म्हणाल्या, “आता सुप्रीम कोर्टानेच बंद केलंय ना.” त्यांचा हेतू वाईट नव्हता, टीव्हीवर पाहिलं तेवढंच त्यांना माहीत होतं. निकालाने एका बाईचं नुकसान केलं आणि त्या अफवेने दुसऱ्या एकीचं, जिचा त्या निकालाशी सुतराम संबंध नव्हता. त्यामुळे तुमचा पहिला मोर्चा कोर्टावर नेऊ नका. आधी आशाताईंच्या मासिक बैठकीत जा. एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून न्या: वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, वीस ते चोवीसमध्ये नियमात दिलेल्या गटांतल्या स्त्रियांना दोन डॉक्टरांचं मत, सही फक्त बाईची, अठरा वर्षांखालची असेल किंवा गंभीर मानसिक आजार असेल तर पालकाची. नवऱ्याची सही कायद्यात कुठेच नाही, १९७१ पासून नाही.

मग तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. हरलेली केस कायदा बदलू शकते का? आपल्याच राज्यातली दोन उदाहरणं आहेत.

२००८ साली मुंबईत एका दांपत्याने डॉ. निखिल दातार यांच्यासोबत उच्च न्यायालयात याचिका केली. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष होता, वीस आठवडे उलटून गेले होते, आणि तेव्हा कायद्याची मर्यादा वीसचीच. ऑगस्टमध्ये कोर्टाने नकार दिला. त्या बाईच्या दारात कॅमेरे उभे होते, आम्ही तिघी-चौघी मिळून तिला भेटूही शकलो नाही, ते अजून सलतं. पण त्या नकारामुळे एक साधी गोष्ट घराघरात पोचली: व्यंग दाखवणारी सोनोग्राफी होते अठराव्या ते विसाव्या आठवड्यात, आणि कायद्याचं दार बंद होतं विसाव्याला. डॉक्टरांना हे रोज दिसत होतं, पण त्याची सार्वजनिक चर्चा कधी झाली नव्हती. डॉ. दातार पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला. २०१६ पासून एकेका बाईच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालय परवानग्या देऊ लागलं. १७ मार्च २०२० ला विधेयक लोकसभेत मंजूर झालं, १६ मार्च २०२१ ला राज्यसभेत, आणि २४ सप्टेंबर २०२१ पासून दुरुस्ती लागू झाली. तेरा वर्षं लागली.

त्या तेरा वर्षांत आपण काय गमावलं, हेही स्पष्ट बोलायला हवं. २०१४ च्या मसुद्यात पहिल्या बारा आठवड्यांत बाईच्या नुसत्या मागणीवर गर्भपात होता, आणि प्रशिक्षित नर्सनाही सुरुवातीचे गर्भपात करू द्यायचे होते. डॉक्टरांच्या संघटनांनी नर्सच्या मुद्द्याला कडाडून विरोध केला. मागणीवर गर्भपाताच्या बाजूने गावागावातून आवाज उठायला हवा होता, तो आम्ही उठवू शकलो नाही. २०२१ ला जे हाती आलं, त्यात निर्णय डॉक्टरच्या ‘मता’वरच राहिला, आणि चोवीसच्या पुढच्या केसेसमध्ये व्यंग तपासायला डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड वर येऊन बसलं. एक चांगली गोष्ट झाली: गर्भनिरोधक फसल्याच्या तरतुदीत ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ होतं, तिथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आलं. २०२२ चा निकाल या शब्दावर बराच टेकलेला आहे. एक शब्द बदलायला माणसं किती वर्षं खपली, हे मी जवळून पाहिलंय.

दुसरं उदाहरण गर्भपाताचं नाही, पण तुमच्या गटातल्या तरुण मुलींना सांगाच. मथुरा खटला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या (आता गडचिरोली) देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. त्या निकालाकडे वर्षभर कुणाचं लक्षही गेलं नाही. १९७९ च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघा कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यात शिव्याशाप नव्हते. निकालातली एकेक ओळ घेऊन ‘संमती’ आणि ‘शरण जाणं’ यातला फरक दाखवला होता. ते पत्र हातोहात फिरलं, ८ मार्च १९८० ला बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ ला कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराचं वेगळं कलम आलं आणि पुरावा कायद्यात ११४ए आलं, म्हणजे अशा खटल्यात बाईने ‘संमती नव्हती’ म्हटलं तर कोर्टाने ते धरून चालायचं. मोर्चा झाला, पण त्याच्या हातात आधी कागद होता. हा क्रम लक्षात ठेवा.

म्हणून सांगते, सह्यांच्या मोहिमेत जीव घालवू नका. ‘आम्हाला गर्भपाताचा हक्क हवा’ या वाक्याखाली दहा हजार सह्या नेल्यात तर आमदार ठेवून घेतो आणि चहा पाजतो. त्याच्यापुढे तुमच्याच तालुक्यातला पुरावा ठेवावा लागतो, तो कसा गोळा करायचा ते आता सांगते. माझ्या मते अख्ख्या उत्तरातला हाच भाग महत्त्वाचा आहे.

२०२२ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. एका सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर एक बाई माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर किराणा दुकानाची कॅरीबॅग, त्यात कागद. मी विचारलं, बघू का? तिने बॅग सरळ माझ्या हातात दिली. आम्ही दोघींनी ते केसपेपर बाकावर तारखेप्रमाणे मांडले. पहिला कागद चौदाव्या आठवड्याचा होता: तांबी असतानाही दिवस राहिलेले, तीन मुलं, बाईला मूल नको. कायद्याने त्या दिवशी एका डॉक्टरचं मत आणि तिची सही, एवढं पुरेसं होतं. त्या कागदावर शेरा: ‘मंगळवारी या’. पुढच्या मंगळवारी डॉक्टर रजेवर. मग शेरा: ‘पतीस सोबत आणणे’. नवरा ऊसतोडीला गेलेला, त्याची टोळी दोन जिल्हे पलीकडे. तो यायला अडीच आठवडे गेले. मग सोनोग्राफी बाहेरून करून आणायला सांगितली, तिथे आधारकार्डावरचं नाव माहेरचं निघालं म्हणून परत पाठवलं. शेवटच्या कागदावर पेनाने लिहिलं होतं, ‘२१ आठवडे, कोर्टाची ऑर्डर आणणे’. खाली सही, शिक्का काही नाही.

एकविसाव्या आठवड्यात ती कुठल्याच गटात बसत नव्हती. विधवा नव्हती, घटस्फोटित नव्हती, अल्पवयीन नव्हती, बलात्काराची तक्रार नव्हती, गर्भ निरोगी होता. कायद्याने दिलेला हक्क सात आठवड्यांत तिच्या हातून निसटला, आणि कुणीही तिला थेट ‘नाही’ म्हटलं नव्हतं. तिने मला विचारलं, “ताई, माझं काय चुकलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौथं मूल झालं.

त्या दिवसापासून आम्ही वही ठेवायला लागलो. शंभर पानी, साधी. प्रत्येक बाईला एक नंबर, नाव कुठेही नाही, गावही नाही. रकाने पाच: तारीख, कितवा आठवडा, कुठल्या प्रकारच्या दवाखान्यात गेली, काय सांगितलं गेलं ते त्यांच्याच शब्दांत, आणि परत कधी बोलावलं. ‘त्यांच्याच शब्दांत’ हे फार जपा. ‘सेवा नाकारली’ असं लिहिलंत तर आरोग्य अधिकारी म्हणतील, पुरावा काय. ‘नवऱ्याला घेऊन या, मग बघू’ असं लिहिलंत की त्यांना तो आवाज ओळखीचा वाटतो, कारण तो त्यांच्याच इमारतीतला असतो.

वहीसोबत माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपये, तीस दिवस. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे विचारा: जिल्ह्यातल्या किती सरकारी ठिकाणी प्रत्यक्षात गर्भपात होतात, तिथे प्रशिक्षित डॉक्टर आहेत का, गोळ्यांचा साठा कधीपासून नाही, खासगी केंद्रांना मान्यता देणारी जिल्हास्तरीय समिती गेल्या दोन वर्षांत किती वेळा बसली, किती अर्ज पडून आहेत. प्रश्न आकड्यांचे ठेवा. ‘का’ विचारलंत तर उत्तर येत नाही. एका जिल्ह्यात आम्हाला आलेलं उत्तर वाचून आमच्या वकीलबाई गप्पच झाल्या: कागदावर केंद्रं भरपूर, पण गर्भपात होत होते एकाच ठिकाणी, आणि तेही आठवड्यातून एक दिवस.

वही आणि हे उत्तर हातात आलं की जनसुनवाई घ्या. महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीच्या कामामुळे २००७ पासून आरोग्याच्या जनसुनवायांची सवय आहे, अधिकारी येतात. बाईला व्यासपीठावर उभं करू नका. नोंद क्रमांक वाचायचा आणि पुढचे शब्द वाचायचे, बस. आमच्या सुनवाईत सलग अकरा नोंदी वाचल्या गेल्या आणि प्रत्येकीत ‘नवरा’ हा शब्द होता. सभागृहात बाया हसल्या नाहीत, कुजबुजल्या नाहीत, नुसत्या ऐकत राहिल्या. पुढच्याच आठवड्यात त्या रुग्णालयात बोर्ड लागला: ‘पतीच्या सहीची आवश्यकता नाही’. इतकं मिळवायला कुठल्याही कोर्टात जावं लागलं नाही.

आता आमदार-खासदारांचं. कुणाकडे काय मागायचं याचा घोळ बहुतेक गट करतात. कायद्याची मर्यादा, बोर्डाची तरतूद, डॉक्टरचं मत, हे सगळं संसदेचं काम, म्हणजे खासदाराचं. आमदाराकडे चोवीस आठवड्यांवर भाषण करू नका, तो सुटल्यासारखा “हे केंद्राचं आहे” म्हणेल. त्याच्याकडे मागायचं ते राज्याच्या हातातलं: रिक्त पदं, डॉक्टरांचं प्रशिक्षण, गोळ्यांची खरेदी, जिल्हा समितीच्या बैठका, मेडिकल बोर्डाचं काम. नियमाप्रमाणे बोर्डाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं असतं आणि परवानगी मिळाली तर अर्जापासूनच पाच दिवसांत गर्भपात व्हायचा असतो. तुमच्या बोर्डाला प्रत्यक्षात किती दिवस लागतात? यावर तारांकित प्रश्न होऊ शकतो, लक्षवेधी होऊ शकते. प्रश्न तुम्ही लिहून द्या. अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात नव्हे, दोन महिने आधी. पक्ष बघू नका. आमच्यासाठी सगळ्यात नेटाने प्रश्न लावून धरला तो ज्याच्याकडून काडीची अपेक्षा नव्हती त्या आमदाराने. पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे असं त्याने सहज सांगितलं.

आणि प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न येईलच: “ताई, यानं स्त्रीभ्रूणहत्या वाढणार नाही का?” याची तयारी केल्याशिवाय घराबाहेर पडू नका. हा प्रश्न विचारणारा माणूस शत्रू नसतो. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, आणि तो चळवळीने लढून मिळवला. २०११ च्या जनगणनेत मुलींचं प्रमाण घसरलेलं दिसलं, २०१२ ला परळीत आणि २०१७ ला म्हैसाळला डॉक्टरांनी चालवलेले बेकायदा गर्भपात उघडकीला आले. लोकांच्या मनात ती चित्रं ताजी आहेत आणि असायलाच हवीत. पण त्या संतापात सरकारने छापे घातले ते औषध दुकानांवर, आणि घाबरून केमिस्टांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. या गोळ्या कायद्याने नऊ आठवड्यांपर्यंत देतात. त्या वेळेला सोनोग्राफीत मुलगा की मुलगी कळत नाही. म्हणजे गुन्हा घडतो सोनोग्राफीच्या खोलीत, आणि कुलूप लागलं गोळ्यांच्या कपाटाला.

हे मी त्या आमदाराला एका कागदावर रेघ ओढून दाखवलं. रेघेवर आठवडे मांडले, नऊवर एक खूण, त्याच्या बऱ्याच पुढे दुसरी. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. तुम्हीही तेच करा, भाषणापेक्षा ती रेघ जास्त काम करते. आणि आपल्या पत्रकांतून ‘भ्रूणहत्या’ हा शब्द काढून टाका. गर्भलिंग निवड म्हणा. ‘हत्या’ म्हटलं की पुढची बाई दवाखान्यात गुन्हेगारासारखी जाते, मग तिचं कारण काही का असेना. गावात बाया ‘पिशवी साफ करून घेतली’ म्हणतात, त्यांच्याशी त्यांच्या शब्दांत बोला. सरकारी कागदावर ‘गर्भपात’ लिहा, आडपडदा न ठेवता.

चोवीस आठवड्यांच्या पुढच्या प्रश्नावर तुमच्या गटात मतभेद होतील. व्हायला हवेत. बैठकीत कुणी विचारलं, जगू शकणाऱ्या गर्भाचं काय, तर तिला गप्प करू नका. मला स्वतःला हा प्रश्न सोपा वाटत नाही. पण माझं मत मी सांगते: इतक्या उशिरा कुणी बाई हौसेने येत नाही. उशीर का होतो हे वहीत दिसतं. चौदा वर्षांच्या मुलीला काय होतंय ते कळत नाही आणि कळलं तरी सांगता येत नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी आलेलीच नसते. व्यंग उशिरा दिसतं. आणि कित्येकींना आपणच मंगळवार ते मंगळवार फिरवलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की आठवड्यांच्या मर्यादा कायद्यात घालूच नयेत. तिथपर्यंत आपण आज पोचणार नाही. पण आईच्या मानसिक आरोग्याला गंभीर धोका असेल तर चोवीसच्या पुढेही वाट असावी, एवढी मागणी खासदारापुढे ठामपणे ठेवता येते. २०२३ च्या त्या बाईला नेमकी तीच वाट नव्हती.

एक गोष्ट अपंग मैत्रिणींकडून शिकले. आजचा कायदा चोवीसनंतर जवळजवळ फक्त व्यंगाचं कारण मानतो. त्यांचा प्रश्न असा: म्हणजे आमच्यासारखी बाळं जन्माला न आलेली बरी, असं कायदा म्हणतोय का? आम्ही वर्षानुवर्षं व्यंगाच्या केसेस पुढे करत आलो, कारण न्यायाधीश हेलावतात, वर्तमानपत्रं छापतात. त्यात सोय होती. आता मी मागणी बाईच्या परिस्थितीवरून मांडते, गर्भाच्या व्यंगावरून नाही, आणि पत्रक काढण्याआधी त्यांना दाखवते. तुम्हीही दाखवा.

तुमच्या वकील मैत्रिणींसाठी: याचिका सोडू नका, फक्त आशा सगळी त्यावर ठेवू नका. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल आणि न्या. दिगे यांनी बोर्डाचं मत बाजूला ठेवून बत्तीस आठवड्यांच्या पुढे परवानगी दिली, आणि निवड बाईची आहे, बोर्डाची नाही, हे लिहून ठेवलं. एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या चौदा वर्षांच्या मुलीला उच्च न्यायालयाने नाकारल्यावर सर्वोच्च न्यायालयाने जवळपास तिसाव्या आठवड्यात परवानगी दिली. पुढे पालकांनी धोक्याचा विचार करून बाळंतपणाचा निर्णय घेतला, आणि कोर्टाने आपला आदेश मागे घेतला. तिथेही कोर्टाने बोर्डांना सांगितलं, की मुलीच्या शारीरिक-मानसिक अवस्थेचं मत द्या, नुसते आठवडे मोजू नका. हे दोन्ही निकाल फाइलला लावून ठेवा, २०२३ नंतरही कामाचे आहेत. याचिका करताना मात्र बाईला पहिल्याच भेटीत सांगा, की निकाल विरुद्ध गेला तर काय होईल. बाईची ओळख डॉक्टरने फोडली तर कलम ५ए खाली त्याला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कार्यकर्त्यांनी स्वतःला त्याहून कडक नियम लावावा. बातमीसाठी फोटो नाही, पाठमोरा सुद्धा नाही.

बाहेरच्या देशांकडेही बघा, पण नक्कल करू नका. अमेरिकेत जून २०२२ मध्ये गर्भपाताचा जवळपास पन्नास वर्षांचा घटनात्मक हक्क एका निकालात गेला, आणि सहा आठवड्यांत कॅन्सससारख्या पुराणमतवादी राज्यात हक्क काढून घेणारी दुरुस्ती मतदारांनी साधारण ५९ टक्के मतांनी फेटाळली. तिथले कार्यकर्ते दारोदार फिरले आणि ‘सरकारने घरात लुडबुड करू नये’ या, तिथल्या माणसाला पटणाऱ्या भाषेत बोलले. आयर्लंडमध्ये २०१२ साली बेळगावकडच्या सविता हलप्पनवार यांना गॉलवेच्या रुग्णालयात गर्भपात नाकारला गेला आणि त्या वारल्या. त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षं तिथल्या बाया थांबल्या नाहीत, आणि २५ मे २०१८ ला ६६ टक्क्यांनी घटनेतली बंदी उठवली. आपल्याकडे सार्वमत नाही. आपल्याकडे आशाताई आहेत, ग्रामसभा आहे, आणि आमदार लग्नाला-मयताला दारात येतो, तेव्हा त्याला गाठता येतं.

तुमच्या पुढच्या बैठकीला वही विकत घेऊन जा आणि रकाने तिथेच आखा. माहिती अधिकाराचा अर्ज त्याच दिवशी पोस्टात टाका, म्हणजे उत्तर महिनाभरात येईल. २८ सप्टेंबर हा सुरक्षित गर्भपाताचा दिवस असतो, जनसुनवाई त्या आठवड्यात धरा, त्यानंतर नागपूरच्या अधिवेशनापर्यंत प्रश्न लिहून द्यायला दोन महिने मिळतात. गटातल्या एकीने आठवड्यातून एकदा ओपीडीच्या बाकावर बसायचं, हे मात्र आत्तापासून ठरवा. मंगळवारचा दिवस असेल तर उत्तम.